बंद केल्यावर बिघडणारा बॉयलर

“त्या घरातून आणखी एक कॉल आला ना टॉम, तर मी तुला रोडवर ठेवू शकणार नाही,” डेक्लन म्हणाला.

टॉमने उरलेला चहा संपवला, कप विसळला, प्रेसमध्ये ठेवला (आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात) आणि बाहेर गेला. मी तिथेच सँडविच खात उभा होतो.

रोडवर म्हणजे सर्व्हिस व्हॅनवर. डब्लिनच्या उत्तरेला, स्वोर्ड्सजवळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमची वीस-बावीस माणसांची कंपनी होती. घरातल्या हीटिंग बॉयलरचे कंट्रोल आम्ही बनवायचो. डेक्लन मालक. टॉम ते कंट्रोल बसवायचा आणि बिघडले की दुरुस्त करायचा. वय अठ्ठावन्न. कॉम्प्युटरला तो हात लावत नसे, त्यामुळे ऑफिसात बसवून त्याला देण्यासारखं काम नव्हतं. रोडवरून काढलं की थेट घरी. हे डेक्लनला माहीत होतं, टॉमला माहीत होतं आणि सँडविच हातात धरून उभ्या असलेल्या मलाही माहीत होतं.

मी पुण्याचा, इन्स्ट्रुमेंटेशनवाला. युरो येऊन एखाददुसरं वर्ष झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. त्या कंट्रोलमधला इलेक्ट्रॉनिक बोर्ड माझ्या डिझाइनचा. पण आयर्लंडला आलो तेव्हा बॉयलर म्हटलं की मला साखर कारखाना आठवायचा. घराघरात बॉयलर असतो हेच मला नवीन होतं. टॉमने सहा महिने मला व्हॅनमध्ये शेजारी बसवून शिकवलं. माझ्या डिग्रीचं त्याला कौतुक नव्हतं आणि माझ्या अज्ञानाचं आश्चर्यही नव्हतं. चुकलो की म्हणायचा, “ग्रँड,” म्हणजे ठीक आहे, “आता परत कर.” अशा माणसाला माझ्या बोर्डापायी घरी बसावं लागणार म्हटल्यावर माझं डोकं ठिकाणावर राहीना.

आता ते घर. नवीन वसाहत, चाळीस घरं, सगळीकडे एकच बॉयलर, एकच कंट्रोल आणि बसवणारा एकच टॉम. एकोणचाळीस घरांत सगळं सुरळीत. चाळिसाव्यात दोन महिन्यांत तीनदा बॉयलर बंद पडला आणि दोनदा माझा बोर्ड जळाला. त्या घराचा मालक होता प्रशांत वानखडे, अमरावतीचा, सॉफ्टवेअरमधला. बायको मीनल, तीही नोकरी करणारी, आठवा महिना लागलेला. बाळंतपणासाठी प्रशांतची आई येऊन राहिली होती. संध्याकाळी सहाला दोघं दमून घरी यायचे तर घर बर्फासारखं गार.

प्रशांत चिडला तर नवल नव्हतं. पण त्याने बिल्डरला जो ई-मेल पाठवला तो वाचून मलाच घाम फुटला. मुद्द्याला मुद्दा, तारखांसकट, आणि शेवटी टॉमचं नाव घेऊन ‘हा माणूस आमच्या घरी पुन्हा नको’. बिल्डरने तो मेल डेक्लनला पाठवला. बिल्डरच्या पुढच्या वसाहतीचं काम आम्हाला मिळायचं होतं. डेक्लन वाईट माणूस नव्हता, पण कात्रीत सापडला होता.

दुसऱ्या कॉलला मीही टॉमबरोबर गेलो होतो. आडनाव बघूनच गेलो, खोटं कशाला बोलू. प्रशांतने आग्रह करून जेवायला थांबवलं. टॉम व्हॅनमध्ये जाऊन बसला. त्याला आत बोलवावं असं मला सुचलं नाही आणि प्रशांतच्या तर मनातच नव्हतं. काकूंनी पातोडीची रस्साभाजी वाढली, मी नाकाडोळ्यांतून पाणी काढत जेवलो. जेवताना मी प्रशांतला सगळं विचारलं. टायमर कसा लावलाय, थर्मोस्टॅट कितीवर आहे, कोणी काही वेगळं करतं का? त्याने चोख उत्तरं दिली. आई दिवसभर घरात असते, तिला इथली थंडी सोसत नाही, म्हणून हीटिंग दिवसभर चालूच ठेवलंय, म्हणाला. काकू पोळ्या वाढत होत्या. आम्ही दोघं इंजिनिअर त्यांच्या डोक्यावरून बोलत होतो.

बॉयलर कसा चालतो ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तेलाचा बर्नर लोखंडी बॉयलरमधलं पाणी तापवतो. पंप ते पाणी घरभरच्या रेडिएटरमध्ये फिरवतो. खोली तापली की कंट्रोल बर्नर विझवतो, पण पंप आणखी पाच मिनिटं चालू ठेवतो, कारण बर्नर विझला तरी लोखंड तापलेलंच असतं. ती धग पंपाने काढून नेली नाही तर आतलं पाणी उकळायला लागतं. मग सेफ्टी थर्मोस्टॅट उडतो आणि बॉयलर लॉक होतो. एक झाकण उघडून आतलं बटण दाबल्याशिवाय तो पुन्हा पेटत नाही. आणि माझा बोर्ड कुठे बसवलेला? नेमका त्या लोखंडाच्या डोक्यावर. जागा वाचते म्हणून.

आमचं सगळं तपासून झालं. वायरिंग, पंप, तेलाचा फिल्टर. टॉमने प्रत्येक स्क्रू पुन्हा आवळला. सगळं ठीक. पाणी कुठे मुरतंय ते कळेना. शेवटी मी एक लॉगर लावला. लॉगर म्हणजे बॅटरीवर चालणारी छोटी डबी, दर मिनिटाला वीज आहे की नाही आणि बॉयलर किती गरम आहे हे लिहून ठेवणारी. डेक्लनने टॉमला दम दिला तो त्याच दिवशी दुपारी. आणि नवव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, चौथा कॉल आला. आदल्या संध्याकाळपासून बॉयलर बंद. डेक्लन म्हणाला, शुक्रवारी दुपारी बिल्डर येतोय, त्याला मी टॉमचं सांगून टाकतो. तुझ्याकडे दुसरं काही कारण असेल तर त्याच्या आधी कागदावर दे.

मी जाऊन बॉयलर रिसेट केला, लॉगर आणला आणि आलेख काढला. टॉम माझ्या खुर्चीमागे उभा होता. वीज रोज सकाळी नऊच्या सुमाराला जात होती आणि संध्याकाळी पाच-सव्वापाचला परत येत होती. कधी मध्ये दुपारी तासभर यायची. आणि वीज गेली की बॉयलर गार व्हायच्या ऐवजी गरम होत होता. अठ्ठ्याहत्तरवरून थेट शहाण्णववर. शनिवारी आणि रविवारी मात्र काहीच नाही, सरळ रेघ.

“लूज वायर शनिवार-रविवारची सुट्टी घेत नाही,” टॉम म्हणाला. एवढंच बोलला आणि आपल्या व्हॅनकडे गेला.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला: शनिवार-रविवारी सगळे घरी असतात, एरवी दिवसभर काकू एकट्या. शुक्रवारी सकाळी साडेनऊला मी एकटाच त्या घरी गेलो. काकूंनी दार उघडलं. अंगात दोन स्वेटर, वर शाल, पायात मोजे. घर गार पडत चाललं होतं.

“या भाऊ. प्रशांत त ऑफिसला गेला. बसा, चहा ठेवतो.” वऱ्हाडात बायकाही ‘मी ठेवतो, मी करतो’ म्हणतात. पुणेकर कानाला सवय व्हायला वेळ लागतो.

स्वयंपाकघरामागच्या खोलीत बॉयलर होता आणि शेजारी भिंतीवर त्याचा मेन स्विच, लाल दिव्याचा. दिवा विझलेला. मी चहा घेत घेत सहज विचारल्यासारखं विचारलं, की काकू, ते मागचं बटण कोण बंद करतं?

“मीच करतो ना. ते दोघं गेले की करतो. घरात मी एकटी, माझ्या एकटीसाठी काय एवढं मोठं घर तापवायचं? पोरगा परक्या मुलखात राब राब राबून राहिला, त्याचं तेल काहून जाळू? ते याच्या आधी घंटाभर लावून देतो. गिझरचं करतो तसं.”

गिझरचं करतो तसं. अहो, मीही तशाच घरातला. आंघोळ झाली की बटण बंद, खोलीतून निघालो की पंखा बंद, गावाला निघालो की मेन स्विच बंद आणि जिन्यातून परत वर येऊन पुन्हा एकदा खात्री. माझी आई तर इस्त्रीची पिनसुद्धा काढून ठेवायची. आयर्लंडमध्ये बॉयलरच्या त्या बटणाला वर्षानुवर्षं कोणाचा हात लागत नाही. टायमर काय ते बघतो. बोर्ड डिझाइन करताना मी आयरिश घर डोळ्यांसमोर ठेवलं आणि स्वतःचं घर साफ विसरलो. मेन बंद केला की बर्नरबरोबर पंपही त्याच क्षणी थांबतो. धग लोखंडात कोंडते. कधी सेफ्टी उडते, कधी उडत नाही, पण बोर्ड रोज भाजून निघतो.

मी काकूंना हळूच सांगितलं की त्यामुळेच बॉयलर बिघडतोय. त्यांना पटेना.

“बंद केल्यानं कसं काय बिघडते, भाऊ? चालू ठेवल्यानं बिघडते वस्तू. बंद करणं म्हणजे त चांगलंच.”

बाई शंभर टक्के बरोबर बोलत होत्या. मी त्यांच्या इलेक्ट्रिक शेगडीकडे बोट दाखवलं. म्हटलं, हिच्यावर दूध वर यायला लागलं आणि शेगडी बंद केली तर काय होतं? “उतू जाते मेलं,” त्या म्हणाल्या, “तवा तापलेलाच राहते.” आणि बोलता बोलता थांबल्या. त्यांनी बॉयलरकडे बघितलं. चाळीस मुलांच्या वर्गाला आयुष्यभर शिकवलेली बाई, समजायला त्यांना एक क्षण पुरला.

“म्हणजे त्या म्हाताऱ्याचा काहीच गुन्हा नाही,” त्या म्हणाल्या. “अन् प्रशांतनं त त्याची कंप्लेंट केली.”

मी मान डोलावली. मग त्यांनी माझ्याकडून एक शब्द मागितला. प्रशांतला सांगू नका. त्याने आल्या दिवशीच बजावलं होतं, आई, इथल्या कुठल्या मशीनला हात लावू नको. आता सून अवघडलेली, थोड्या दिवसांत बाळ यायचं. आईला इथलं काही समजत नाही असं एकदा दोघांच्या मनात बसलं तर बाळ तरी माझ्या हातात देतील का, असं त्यांनी विचारलं. डोळे भरून आले होते. मी शब्द दिला. मला वाटलं, त्यात काय, रिपोर्टमध्ये नाव नाही घालायचं, झालं. बटण चालू करून आणि ‘आता बंद करू नका’ एवढं सांगून मी निघालो.

अकरा वाजता रिपोर्ट घेऊन डेक्लनच्या केबिनमध्ये गेलो. टॉमही होता. मी लिहिलं होतं: वीजपुरवठा वारंवार खंडित झाल्यामुळे बिघाड.

डेक्लनने वाचलं. “वारंवार खंडित म्हणजे लूज कनेक्शन. कनेक्शन कोणी केलं?”

लूज नाही, कोणीतरी स्विच बंद करतंय, मी म्हटलं. कोण, त्याने विचारलं. मी लॉगरचा आलेख त्याच्यापुढे सरकवला. ग्राहकाने तर लेखी दिलंय की कोणी काही करत नाही, डेक्लन म्हणाला. टॉम तुझा दोस्त आहे हे मला माहीत आहे, पण बिल्डरसमोर मी ‘कोणीतरी’ ठेवू शकत नाही. त्याचंही बरोबर होतं. मी टॉमकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. त्या घरात दिवसा कोण असतं हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं, आणि तरी तो बोलला नाही. त्याच्या नोकरीचा प्रश्न होता आणि तो एका म्हाताऱ्या बाईचं नाव घेत नव्हता. मला माझी लाज वाटली.

मी बाहेर आलो आणि माझ्या टेबलावरून काकूंना फोन केला.

“काकू, मी तुम्हाला दिलेला शब्द परत मागायला फोन केलाय,” मी म्हटलं. काय अडलंय ते सांगितलं. नाव आलं नाही तर आज दुपारी टॉमची नोकरी जाणार, हेही सांगितलं. तुम्ही नाही म्हणालात तर मी दुसरं काही बघतो, असं म्हणालो. दुसरं काहीही माझ्याकडे नव्हतं.

काकूंनी उलट मलाच विचारलं.

“साहेब तिथंच हाय का?”

“हो.”

“द्या त्याला फोन.”

“काकू, तो इंग्रजीतून बोलेल. त्यांचे उच्चारही जरा…”

“पाचवीच्या पोरांना इंग्रजी शिकवलं मी. द्या.”

मी कॉल डेक्लनच्या केबिनमध्ये दिला आणि धावत तिथे गेलो. त्याने स्पीकर चालू केला होता.

“गुड मॉर्निंग, सर,” काकूंचा आवाज खणखणीत होता, वर्गात असतो तसा. “आय अ‍ॅम प्रशांत्स मदर. आय स्विच ऑफ द बॉयलर. एव्हरी डे. मिस्टर टॉम, नो मिस्टेक. माय मिस्टेक. प्लीज राइट माय नेम.” आणि त्यांनी नाव सांगितलं, कमल वानखडे, एकेक अक्षर सुटं करून, मध्ये थांबून, समोरच्याने लिहून घेतलं की नाही याचा अंदाज घेत. डेक्लनने मुकाट्याने पेन उचललं आणि लिहून घेतलं. शेवटी म्हणाला, “थँक यू, मिसेस वानखडे.” त्याने आडनावसुद्धा बरोबर उच्चारलं.

फोन ठेवून डेक्लन खाकरला. ठीक आहे, म्हणाला, युझर एरर लिही आणि फाइल बंद कर. टॉम, सॉरी. टॉमने मान हलवली. माझा जीव भांड्यात पडला.

पण पेन उचललं आणि लिहवेना. युझर एरर म्हणजे वापरणाऱ्याची चूक. मी डेक्लनला म्हटलं, ही माझी चूक आहे. ज्या देशात मी वाढलो तिथे प्रत्येक घरात बटण बंद करतात आणि हे माझ्यापेक्षा चांगलं या इमारतीत कोणाला माहीत आहे? डेक्लन म्हणाला, मॅन्युअलमध्ये स्पष्ट छापलंय, मेन स्विच बंद करू नका. मग काय झालं, मी म्हटलं, काकूंनी मॅन्युअल कधी वाचावं?

तेव्हा टॉम बोलला. त्याच्या लहानपणी घरात पाणी तापवायचा इमर्शन हीटर होता. रविवारी चर्चमध्ये मासला निघालं की अर्ध्या वाटेवर त्याची आई विचारायची, इमर्शन बंद केला का? आणि सगळ्यांना घेऊन परत यायची. “माझी आई त्या घरात असती ना,” तो म्हणाला, “तर तुझा बोर्ड पहिल्याच आठवड्यात मेला असता.”

डेक्लन हसला. त्याच्याही घरात तेच होतं म्हणे. मी रिपोर्टमध्ये काकूंचं म्हणणं जसंच्या तसं लिहिलं, आणि कारणाच्या जागी: डिझाइनमधली त्रुटी, खाली माझी सही. बिल्डरने तो वाचला की नाही देव जाणे. दोन वाजता डेक्लनने त्याला सांगितलं की टॉम रोडवरच राहील. पुढच्या वसाहतीचं कामही आम्हालाच मिळालं.

काकूंनी त्याच संध्याकाळी प्रशांतला स्वतः सांगितलं. रात्री जेवायच्या वेळेला त्याचा फोन आला. मला वाटलं, आता झापणार. पण नाही. “मी तिच्यासाठी दिवसभर चालू ठेवलं होतं,” तो म्हणाला, “आणि ती दिवसभर स्वेटर घालून थंडीत बसत होती. मला एकदाही कळलं नाही.” दुसऱ्या दिवशी त्याने बिल्डरला आणखी एक मेल पाठवला, मुद्द्याला मुद्दा, आणि टॉमचं नाव घेऊन माफी.

सोमवारी टॉम आणि मी तिथे गेलो. या खेपेला टॉमही टेबलाशी बसून जेवला. एक घास पातोडीचा खाल्ला आणि तीन ग्लास पाणी प्यायला. मग त्याने मेन स्विचवर झाकण बसवलं आणि स्वयंपाकघरात, काकूंच्या हाताला येईल असा, एक नवीन स्विच लावला, लाल दिव्याचाच. तो बंद केला की फक्त बर्नर थांबतो, पंप आपली पाच मिनिटं पुरी करतो. मी भाषांतर करायला तोंड उघडलं तर दोघांनी हातानेच मला गप्प बसवलं. काकूंनी तो चारदा चालू-बंद करून बघितला. माझा बोर्ड आम्ही बॉयलरवरून काढून भिंतीवर नेला, आणि पुढच्या बॅचपासून सगळ्याच घरांत तो भिंतीवर गेला. त्या घरातून पुन्हा कॉल आला नाही. टॉम पासष्टाव्या वर्षापर्यंत रोडवर होता.

पुढे मी बरेच बोर्ड केले. टेबलावर पहिला नमुना आला की आम्ही तो उत्साहाने चालू करून बघायचो. आता आधी तो गरम होऊ देतो आणि वीज काढून घेतो. मग खुर्ची ओढून समोर बसतो आणि बंद झाल्यावर तो काय करतो ते बघतो.